बापूसाहेबांचे चार मुक्काम

मागल्या महिन्यात मोखाड्याच्या शाळेतले एक तरुण मास्तर माझ्या ओट्यावर येऊन बसले. त्यांच्या पिशवीत एक जुना कागद होता, घड्यांवर फाटलेला. म्हणाले, "आजोबा, ह्यात लिहिलंय की पोशेऱ्याला प्राचीन वीरगळ आहे, लढाईत पडलेल्या वीराचा दगड. दोन दिवस हिंडतोय, सापडत नाही. तुम्हाला ठाऊक आहे का?"

अक्षर मी लांबूनच ओळखलं. प्रत्येक वेलांटीला शेपूट आणि ओळ संपली की खाली वेलबुट्टी. मला इतकं हसू आलं की ठसका लागला आणि सून पाणी घेऊन धावली. मास्तर ओशाळले. मी म्हटलं, "मास्तर, वीरगळ काही ठाऊक नाही. पण हा कागद लिहिणारा चांगला ठाऊक आहे." ते म्हणाले, मग त्याच्याबद्दल लिहून द्या.

मी दोन बुकं शिकलेला माणूस. तरी लिहितो. ऱ्हस्व-दीर्घ मास्तरांनी बघून घ्यावं, पण मी "तो" लिहीन तिथं "ते" करू नये. त्या काळी त्याला अहो-जाहो करावंच लागायचं. आता तोही नाही आणि संस्थानही नाही.

नाव बापूसाहेब. जव्हारला दरबारी नोकरीत होता. कुठल्या खात्यात ते आम्हाला कधी कळलं नाही, आणि मला वाटतं त्यालाही पक्कं ठाऊक नसावं. माणूस देशावरचा. उंचीला बेताचा, पोट पुढं, मिशीला तूप. डोक्याला असा फेटा की त्याच्याखाली माणूस आहे हे जवळ गेल्यावर कळायचं. पावसाळा असो-नसो, काखेत छत्री. तिनं तो ऊन अडवायचा नाही, बोट म्हणून वापरायचा. "ते काय आहे?" म्हणून छत्री रोखायची, आणि आपण तोंड उघडायच्या आत स्वतःच उत्तर द्यायचं. दहा वर्षं जव्हारात राहून त्याला साग आणि साल ह्यांतला फरक कळला नव्हता. साल आमच्याकडे होतच नाही, तरी तो रोज दाखवायचा.

त्याचं एक लाडकं वाक्य होतं, "कागदावर आहे." पूल वाहून गेला म्हणून सांगितलं तरी "कागदावर आहे." तो कागद म्हणजे एक नकाशा होता, आणि त्यावर अंतर मोजायची त्याची रीत म्हणजे हाताची बोटं. डहाणू ते जामसर चार बोटं, जामसर ते जव्हार अडीच, जव्हार ते पोशेरा तीन. आम्ही डोंगरातली माणसं वाट चालण्यावर मोजतो: इथून निघालं की नागलीची भाकर पचेस्तोवर तिथं. ती मोजणी त्याला अडाणी वाटायची. एकदा मला म्हणाला, "वावर गाव जव्हारपासून दोन बोटं आहे. सकाळी तिथे फराळ, दुपारी परत."

मी म्हटलं, "साहेब, मधी दोन दऱ्या आहेत. गाडी जात नाही."

"कागदावर जाते."

"मग कागदाला बैल जुंपा," असं माझ्या तोंडात आलं होतं. बोललो नाही. तेव्हा मी ऐन पंचविशीत होतो, घरची धमणी होती, माणसं न्यायची हलकी बैलगाडी, बैलजोडी अशी की जव्हारच्या बाजारात लोक वळून बघायचे, आणि धमणी दरबारच्या कामाला लागली होती.

काम असं. कोणी एक गोरा साहेब आणि त्याची मडम दरबारचे पाहुणे म्हणून यायचे होते. डहाणूला आगगाडीतून उतरून जव्हार, मोखाड्यावरून वर त्र्यंबकाकडं निघायचे होते. मोटार अजून ह्या डोंगरात चढली नव्हती. वरून हुकूम एवढाच होता की पाहुण्यांना आपला मुलूख नीट दाखवा. बाकी सगळं बापूसाहेबाच्या टाळक्यातून निघालं. चार मुक्काम ठरले: जामसर, जव्हार, पोशेरा, मोखाडा. प्रत्येक मुक्कामाला दोन गोष्टी पाहिजेच पाहिजेत, एक नजारा आणि एक इतिहास. साहेबाला जुन्या वस्तूंचा नाद आहे, असं त्याला कोणीतरी सांगितलं होतं. तो नाद पुरवायला आधी मुलूख धुंडाळावा म्हणून आठ दिवस तो माझ्या धमणीत बसून हिंडला. बरोबर गणू नावाचा शिपाई, दौत-टाक घेऊन. बापूसाहेब म्हणायचा, "गणू, लिही, नजारा," आणि गणू लिहायचा, नजारा. काय दिसलं ते कोणीच लिहायचं नाही.

जामसरला पोचलो तेव्हा भातं पोटरीतून सुटून पिवळी व्हायला लागली होती. झाडाखाली एक म्हातारा दोर वळत बसला होता. छत्री त्याच्यावर रोखली गेली.

"काय रे, इथे जुनं काय आहे?"

म्हाताऱ्यानं इकडंतिकडं बघितलं. म्हणाला, "जुना तं मीच हाय, बाबा."

"तसं नव्हे. ऐतिहासिक. इथे पूर्वी कोण येऊन गेलं?"

"पूर्वी? पूर्वी तलाठी आल्ता."

गणू खाली मान घालून हसला. बापूसाहेब ओढ्याकडं गेला. तिथं खडकात पाण्यानं पडलेला एक रांजणासारखा खड्डा होता. त्यानं छत्री आत घालून खोली बघितली आणि म्हणाला, "लिही. पांडवांचं स्नानकुंड." म्हातारा दोर वळायचा थांबला. "कोन पांडव? आमी तं त्यात म्हशी धुतो." ते गणूनं लिहिलं नाही. मी पुढं पुष्कळ ठिकाणी बघितलं, ज्याला इतिहास सापडत नाही तो पांडवांना बोलावतो. त्या पाच जणांना ह्या देशात मुक्काम करण्यापलीकडं दुसरा धंदाच नव्हता की काय, देव जाणे.

जव्हारच्या बाहेर एका कड्यावरून सूर्य बुडताना दाखवायचा होता. कड्याच्या तोंडाशी एक मोहाचं झाड होतं, जुनं, दोघांच्या कवेत न मावणारं. मोहू म्हणजे आमच्याकडं काय ते देशावरच्या माणसाला सांगून कळत नाही. त्याच्या फुलांवर उन्हाळा निघतो, बियांचं तेल निघतं, आणि प्रत्येक मोहू कोणत्या घराचा ते सगळ्या पाड्याला ठाऊक असतं. तो मोहू एका म्हातारीचा होता. बापूसाहेब म्हणाला, "हे नजाऱ्यात येतं. काढा."

म्हातारी आली, पदर खोचून. "कशापायी तोडता, दादा?"

"साहेबांना सूर्य दिसला पाहिजे."

"सूर्य वरती रोज येतोय. त्याला झाड कधी आडवा नाय आला."

झाड पडलं. दोन दिवस लागले. पडल्यावर समोर उघडं काय झालं, तर दरीच्या त्या कडेला आमच्या लोकांचं मसणवट. राखेचे गोल, फुटकी मडकी, एक ताजी चिता. मोहानं ते इतकी वर्षं झाकून धरलं होतं. बापूसाहेबानं बघितलं आणि खुर्च्या जरा डाव्या अंगाला मांडा म्हणाला. म्हातारी बुंध्यावर बसली होती. ती त्याला म्हणाली, "आता सायबाला दिसंल चांगला. आमाला मोहू दिसायचा." तिच्या आवाजात राग नव्हता, म्हणून मला तो आजपर्यंत ऐकू येतो. बापूसाहेबाला तो त्या दिवशीही ऐकू आला नाही.

मोखाड्याला त्यानं एका पडक्या भिंतीचा किल्ला केला. ती एका वाण्याच्या गोठ्याची भिंत होती. म्हैस अजून आत होती. त्यानं "बुरुजाचा अवशेष" लिहवलं आणि म्हैस त्या दिवसापुरती हलवायला सांगितली.

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. पोशेऱ्याचं गेलं नाही. पोशेरा माझं गाव.

आमच्या गावाच्या वरच्या अंगाला, जिथं शेतं संपून रान लागतं, तिथं शिवेवर वाघदेव आहे. गुडघाभर उंचीचा दगड. वर चंद्र आणि सूर्य कोरलेले, खाली वाघ. पिढ्यान्‌पिढ्या शेंदूर चढून वाघाचा नुसता फुगवटा राहिला होता. देवाचं तोंड रानाकडं. त्याच्या अलीकडं गाव आमचं, पलीकडं रान वाघाचं, असा तो करार. दिवाळीच्या तोंडावर वाघबारस येते. त्या दिवशी गुराखी घरोघरचे तांदूळ गोळा करून देवापुढं शिजवतात, कोंबडं देतात, शेंदूर लावतात. मग भगत देवाच्या दोन्ही अंगांना तांदळाच्या पिठाची रेघ ओढतो. ती रेघ त्या दिवशी दुसऱ्या सकाळपर्यंत कोणी ओलांडत नाही. माणूस नाही, आणि ढोर तर मुळीच नाही. एवढं केलं की वर्षभर गुरं रानात सोडायला आम्ही मोकळे. गावचा भगत म्हणजे माझा सख्खा मामा, सोमामामा. वर्षात एखादं ढोर वाघानं नेलं तर गाव त्यालाच धरतं, मामा, तुझं काय चुकलं?

बापूसाहेब दगडापुढं उभा राहिला आणि त्यानं टाळीच वाजवली. "वीरगळ! गणू, लिही!"

मामा म्हणाला, "वाघदेव हाय, साहेब."

"वर चंद्र-सूर्य दिसत नाहीत तुला? जोवर चंद्र-सूर्य तोवर वीराची कीर्ती. खाली घोडा आहे. वर वीर होता, तो झिजला."

"घोडा नाय. वाघ."

"पट्टे कुठे आहेत?"

"शेंदराखाली."

"शेंदराखाली काय आहे ते तुला काय माहीत? तू पाहिलंस?"

"माज्या आज्यानं पायला व्हता."

"तुझ्या आजाला लिहायला येत होतं?"

"नाय."

"मग झालं."

आणि त्यानं शेंदूर खरवडायला सांगितला, साहेबाला घोडा नीट दिसावा म्हणून. गावातला एकही माणूस पुढं झाला नाही. शेवटी गणूनं सुरी घेतली. तोंडानं तो देवाची माफी मागत होता. शेंदराची ढलपी पडत गेली तसे आतून गोल कान आले, पाठीवर वळवलेली शेपटी आली. गणू थबकला. "साहेब, पंजे हायेत."

"खूर आहेत. झिजलेत."

एवढ्यावर भागलं असतं तरी मामानं नवा शेंदूर लावला असता. पण त्या माणसाला वाटलं की मडम एवढं चढणार नाही. वीरगळ खाली रस्त्याला पाहिजे, राहुट्या लागणार होत्या त्या माळावर, राहुट्यांच्या पुढं, दारावर भालदार उभा असतो तसा. मामानं हात जोडले. माझ्या मामाला मी हात जोडताना फक्त देवापुढं बघितलं होतं.

"साहेब, आठ दिवसांवर वाघबारस हाय. देव जाग्यावर नसला तं मी गुरं कशी सोडू? एखादं ढोर गेलं तं गाव मला इचारंल."

"साहेब कधी येणार आहेत माहीत आहे? त्याच दिवशी! उलट तुमच्या देवाचा मान वाढला. साहेब गेले की न्या परत, मी कुठे खाणार आहे?"

पहारीला कोणी हात लावेना, तेव्हा बापूसाहेबानं स्वतः लावला. "त्यात काय आहे!" म्हणाला. गणूनं एक अंग धरलं, ह्यानं पहार घातली, आणि देव उपटला. खाली नेणं अवघड नव्हतं. उतार होता. फांदीवर घालून घसरत नेला, मधे दोनदा तो सुटून गडगडत गेला.

मी काय केलं? मी बैलांना पाणी दाखवलं. ते लपवत नाही.

साहेब येईस्तोवरच्या त्या दिवसांत गावाचं जे झालं ते एका ओळीत सांगण्यासारखं नाही, तरी सांगतो. बापे रस्ता झाडायला वेठीला धरलेले. रस्त्याकडची भातं पिकून गळायला लागलेली, पण सोनेरी दिसतात म्हणून साहेब जाईस्तोवर कापायची नाहीत असा बापूसाहेबाचा हुकूम. खुरासणीची पिवळी फुलं पण तोडायची नाहीत, नजारा आहे. आणि गुरं दावणीला. शीव उघडी म्हणून मामा कोणाला सोडू देईना. बायका बांधावरचं गवत कापून आणत, ते दुपारपर्यंत संपे, आणि मग सगळा गाव हंबरायला लागे. मामाची गाय नुकती व्यालेली. ती आटली.

मी तोवर धमणी घेऊन डहाणूला पाहुणे आणायला गेलो होतो. इकडं गावात मामाच्या अंगणात जे घडलं ते मला बायकोनं सांगितलं. जाणती माणसं भांडत होती. कोण म्हणे देव उचलून परत नेऊ. कोण म्हणे शिपाई धरून नेतील. मामा खाटेवर बसून ऐकत होता. मग त्यानं विचारलं, "देव आता कठं हाय?"

"रस्त्याला, माळावर."

"तोंड कठं?"

"गावाकडं."

"मंग शीव कठं?"

मग मामाच म्हणाला, "देव जठं, शीव तठं. आपन देवाला सोडू नये. तो जठं गेला तठं वाघबारस करू."

बायको सांगते, एक म्हातारी आधी हसली, मग सगळ्यांना उमजलं.

पाहुणे चांगले होते. साहेब उंच, बोलायला कमी. मडम चालत्या गाडीतून उतरून फुलं बघायची. जामसरच्या स्नानकुंडात त्या दिवशी नेमकी एक म्हैस बसली होती. जव्हारच्या कड्यावर सूर्य बुडताना त्याच्या उजेडात त्यांनी पलीकडच्या मसणवटातला धूर बघितला. साहेबानं टोपी काढली. बापूसाहेब प्रत्येक ठिकाणी इंग्रजीतून बोलत होता, पुष्कळ बोलत होता. पोशेऱ्याला दुपारच्या जेवणाला पोचायचं होतं, तीन बोटं. पोचलो तेव्हा सूर्य डोंगराच्या वर हातभर राहिला होता आणि मडमेचं तोंड भुकेनं एवढंसं झालं होतं.

माळावर तीन राहुट्या, खुर्च्या, मेजावर पांढरं फडकं. त्यांच्या पुढं वाघदेव, नव्या शेंदरात न्हालेला, गळ्यात झेंडूची माळ. आणि त्याच्या डाव्या-उजव्या अंगाला, रस्ता आडवा कापून, पिठाची पांढरी रेघ. रेघेच्या अलीकडं सगळा गाव, गुरांसकट. पलीकडं जव्हारचा आचारी एकटा, रिकामं पातेलं घेऊन उभा. पाणी अलीकडं, लाकडं अलीकडं, कोंबड्या अलीकडं, सगळे वेठीचे गडी अलीकडं. आचारी मला बघून ओरडला, "अरे, कोणीतरी घागरभर पाणी द्या रे! सकाळपासून मागतोय!"

मी रेघेपाशी बैल थांबवले.

"चल, चल," बापूसाहेब म्हणाला.

"नाही साहेब. आज वाघबारस. ढोर शीव ओलांडत नाही."

"शीव वर डोंगरावर आहे!"

"होती," मी म्हटलं. आयुष्यात मला जेवढं बोलायला सुख झालं असेल तेवढं त्या एका शब्दात झालं.

तो खाली उतरला. कोणाचा हात धरून ओढ, कोणाला छत्री दाखव. गणूला म्हणाला, "तू आण पाणी." गणू म्हणाला, "साहेब, मी अलीकडंच बरा हाय." तेवढ्यात मडम धमणीतून उतरून दगडापाशी गेली. वाकून बघितलं आणि एकच शब्द बोलली, "टायगर." हा शब्द आम्हा सगळ्यांना येत होता. शिकारी साहेब आमच्याशी तेवढंच बोलायचे. गावातून एकदम आवाज उठला, "टायगर! टायगर हाय!" साहेबानं बापूसाहेबाकडं बघितलं, मग घड्याळाकडं बघितलं, आणि काहीतरी बोलला. चार शब्द असतील. काय ते मला कळलं नाही, पण तुपाची मिशी खाली आली ते दिसलं. मग साहेब माझ्या धमणीच्या धुरेवर बसला आणि पाइप भरायला लागला. त्याला घाई नव्हती.

बापूसाहेब मामापुढं येऊन उभा राहिला. "काय पाहिजे तुम्हाला?"

"आमाला काय बी नको."

"मग ही रेघ पुसा."

"रेघ देवाची हाय. देव जाग्यावर गेला का शीव जाग्यावर जाईल. मंग तुमच्या राहुट्या गावात आल्या. पानी हाय, लाकडं हायत, सगळा हाय."

"मग न्या ना देव! चार गडी लावा!"

मामानं मान हलवली. "आमी नाय उचलायचा. आमी त्याची पूजा केली. ज्यानं उपटला त्यानं बसवायचा."

"गणू!"

गणू म्हणाला, "साहेब, पहार तुमची व्हती." पण तो पुढं झाला. देव उपटल्याचं त्याला ओझं झालं होतंच.

मग जे झालं ते सगळ्या गावानं बघितलं. देव बांबूला दोरानं बांधला. पुढच्या टोकाला गणू, मागच्या टोकाला बापूसाहेब, कोट काढून, धोतर वर खोचून. चढाला सगळं वजन मागच्यावर येतं. हे गणूला ठाऊक होतं, ह्याला नव्हतं. शेताच्या बांधावरून, आमच्या गळणाऱ्या भातांमधून ते दोघे वर चालले. वीस पावलं गेली की टेकवायचे. तिसऱ्या खेपेला फेटा सुटून भातात पडला. हात गुंतलेले, उचलणार कोण? त्याचं टक्कल आम्ही पहिल्यांदा बघितलं. एका गुराख्यानं ओरडून विचारलं, "साहेब, किती बोटं राह्यली?" आणि सगळा माळ हसला. मी पण हसलो. गोरा साहेब मात्र हसला नाही. तो पाइप विझू देऊन बघत राहिला.

मामा मागून चालत होता, हात मागं बांधून. वर गेल्यावर त्या शहाण्यानं देव खड्ड्यात उभा केला तो गावाकडं तोंड करून. मामा म्हणाला, "फिरवा."

"काय?"

"तोंड रानाकडं. तो राखण करतोय. आमच्याकडं बघून काय करंल?"

त्यानं फिरवला. दोन्ही हातांनी कवटाळून, छातीला लावून, कारण तेवढं वजन दुसऱ्या कुठल्याही रीतीनं फिरत नाही. सदऱ्यावर पुढून सगळा शेंदूर आला. मामानं खड्ड्यात माती लोटली, तिथं नवी रेघ ओढली, आणि खाली बघून हात वर केला. गावानं खालची रेघ पायांनी पुसली. त्याबरोबर घागरी निघाल्या, लाकडं निघाली, कोंबड्या निघाल्या. मी बैल हाकले. त्या दिवशी साहेबाला आणि मडमेला पोशेऱ्यानं जे जेवू घातलं ते जव्हारच्या आचाऱ्याला जमलं नसतं. बापूसाहेब जेवायला आला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामानं गुरं सोडली. त्या वर्षी एकही ढोर गेलं नाही. देवानं राखली की वाघाचं पोट दुसरीकडं भरलं, मी वाद घालत नाही. मामा त्या वर्षी गावात मान वर करून फिरला, एवढं मला पुरे.

बापूसाहेबाला शिक्षा झाली असं कोणाला वाटेल. तसं काही झालं नाही. असल्या माणसांना कागद सांभाळतो. तो नोकरीत राहिला, निवृत्त झाला, जव्हारातच घर बांधून राहिला.

त्याला मी शेवटचं बघितलं ते पुढं पुष्कळ वर्षांनी. मामा वारला होता. मी बाजारला जव्हारला गेलो होतो, वरईच्या दोन गोण्या घेऊन. एका दुकानाच्या पायरीवर तो बसला होता, काखेत छत्री, भोवती चार-पाच पांढरपेशे. अंगानं वाळला होता, मिशी पांढरी. आवाज मात्र तोच. सांगत होता, "त्या भागात तेव्हा कोणी जात नव्हतं हो. वाटा मी शोधल्या. मुक्काम मी पाडले. पोशेऱ्याचा वाघदेव बघितलाय का कोणी? तो मी बसवला."

मी गोणी खाली ठेवली.

त्यानं माझ्याकडं बघितलं. ओळखायला वेळ लागला, पण ओळखलं. एकानं मला विचारलं, "काय हो, तुम्ही त्याच बाजूचे दिसता. कुठले?"

"पोशेऱ्याचा."

"मग खरंच का हे? ह्यांनी बसवला?"

बापूसाहेब छत्रीच्या मुठीकडं बघत होता. मूठ दोन्ही हातांनी घट्ट धरली होती, आणि बोटं हलत होती. मी मनात म्हटलं, ह्या माणसानं जन्मभर खोटं लिहिलं. आज एक गोष्ट खरी सांगतोय, तर ती का मोडा?

"खरं आहे," मी म्हटलं. "ह्यांनीच बसवला. मी डोळ्यानं बघितलंय. छातीला लावून बसवला."

"वा, बापूसाहेब!" लोक म्हणाले. त्यांनी अजून सांगा, अजून सांगा असा धोशा लावला. तो उठला. चपला पायांनी चाचपल्या, एक सापडली, दुसरी सापडेना. ती पायरीखाली उलटी पडली होती. मी ती पायानं सरळ करून त्याच्याकडं सरकवली. त्यानं घातली आणि बाजारातून खाली निघून गेला, भिंतीच्या कडेकडेनं.